लँडलाइनचा फोन कुणी उचलला नाही तर मेसेज थेट ईमेलवर: घरच्या अडॅप्टरने व्हॉइसमेल कसा लावायचा

अमेरिकेत लँडलाइन अजून चालू ठेवलेली बरीच मराठी घरं आहेत आणि त्यांनी ती ठेवावी असंच माझं मत आहे. नंबर वीस-पंचवीस वर्षं जुना असतो, डॉक्टरकडे, फार्मसीत, बँकेत, मंडळाच्या यादीत आणि तिकडे गावी सगळ्यांच्या वहीत तोच लिहिलेला असतो, आणि घरात आईबाबा किंवा सासूसासरे असले तर त्यांना मोबाइलपेक्षा तोच फोन जवळचा वाटतो. अडचण एवढीच की कुणी उचलला नाही की काम अडतं. फोन कंपनीचा व्हॉइसमेल असतो पण तो ऐकायला नंबर फिरवा, पिन टाका, मग इंग्रजी मेनू ऐकत बसा, हे घरातली वयस्कर माणसं करत नाहीत आणि ऑफिसात बसलेल्या मुलाला पत्ताच नसतो की कार्डिऑलॉजिस्टकडून अपॉइंटमेंट बदलल्याचा मेसेज सकाळपासून पडून आहे.

तोच मेसेज ऑडिओ फाइल होऊन घरातल्या तिघाचौघांच्या ईमेलवर दोन मिनिटात आला तर? हे घरच्या घरी करता येतं, एक अडॅप्टर लागतो (टेलिफोनची लाइन इंटरनेटला जोडणारा छोटा बॉक्स), एक इंटरनेट फोनचं खातं लागतं आणि एक निवांत शनिवार. खाली लिहिलंय ते सगळं अमेरिकेतल्या लाइनसाठी आहे. कॅनडातही जवळपास असंच चालतं. भारतातल्या लँडलाइनला मात्र हे जोडू नका, तिथे साधी टेलिफोन लाइन आणि इंटरनेट कॉल एकमेकांत मिसळण्यावर लायसन्सचे नियम आहेत, पुण्याच्या घरी बॉक्स नेऊन लावला आणि झालं असं नाही.

आधी बघा, अडॅप्टर खरंच लागतोय का

कारण कधीकधी लागत नाही. फोन कंपनीकडे नो आन्सर फॉरवर्डिंग असतं, म्हणजे ठराविक रिंग झाल्या आणि उचलला नाही तर कॉल दुसऱ्या नंबरवर जातो. बऱ्याच कंपन्यांत *९२ फिरवून पुढे नंबर टाकला की ते चालू होतं आणि *९३ ने बंद, लाइन बिझी असतानाचं *९० आणि *९१. कोड कंपनीगणिक बदलतात म्हणून आपल्या कंपनीच्या साइटवर बघून घ्या. *७२ हे वेगळं, त्याने सगळेच कॉल सरळ दुसरीकडे जातात आणि घरचा फोन बहुतेक वेळा फक्त अर्धी रिंग देऊन गप्प होतो, *७३ ने ते बंद होतं. सहा महिने भारतात जाणार असाल तर *७२ चांगलं, पण ते निघायच्या आधी घरूनच लावायला लागतं, विमानतळावर आठवलं तर उपयोग नाही.

तर तुमच्या प्लॅनमध्ये नो आन्सर फॉरवर्डिंग फुकट असेल तर गूगल व्हॉइसचा, म्हणजे गूगलच्या इंटरनेट फोन सेवेचा, एक नंबर घ्या, शक्यतो त्याच एरिया कोडमधला घ्या म्हणजे फॉरवर्ड झालेला कॉल लाँग डिस्टन्स धरला जायची शक्यता कमी, गूगल व्हॉइसच्या सेटिंगमध्ये डू नॉट डिस्टर्ब चालू करा म्हणजे तिकडे आलेला प्रत्येक कॉल थेट व्हॉइसमेलला जातो, आणि लँडलाइनवरून *९२ ने तो नंबर टाका. झालं. यात एक गोष्ट सांभाळा, गूगल व्हॉइसला लिंक केलेल्या नंबरांत हीच लँडलाइन असेल तर तिच्यावर रिंग करणं बंद ठेवा, नाहीतर लँडलाइन कॉल गूगलकडे ढकलते, गूगल तो परत लँडलाइनला ढकलतं आणि फोन करणारा मधेच लटकतो.

मग अडॅप्टर कशाला? एक तर बऱ्याच प्लॅनमध्ये या फॉरवर्डिंगचे दरमहा वेगळे पैसे लागतात. दुसरं, किती रिंगनंतर कॉल जाणार हे कंपनीच्या हातात राहतं, बदलायचं तर कस्टमर केअरला फोन करून ताटकळत बसा. तिसरं आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, कुणाच्या आवाजात काय ऐकू यावं, मेसेज कुणाकुणाला जावा, किती लांब असावा, हे सगळं अडॅप्टर आणि स्वतःचं खातं असेल तर आपल्या हातात येतं.

कुठला अडॅप्टर

दुकानात जे फोन अडॅप्टर मिळतात त्यातले बहुतेक इथे चालत नाहीत, आणि माणसं हमखास इथेच चुकीची वस्तू घेतात. नेहमीच्या अडॅप्टरला फक्त एफएक्सएस पोर्ट असतो, त्याला फोन लावायचा, तो फोनला डायलटोन देतो आणि रिंग देतो. आपल्याला पाहिजे एफएक्सओ पोर्ट, ज्याला भिंतीतली लाइन लावता येते आणि जो त्या लाइनवरचा कॉल स्वतः उचलू शकतो. बॉक्सवर तो बहुतेक लाइन नावाने असतो. ग्रँडस्ट्रीमचे एचटी८०१ आणि एचटी८०२ स्वस्त आणि चांगले आहेत पण त्यांना एफएक्सओ नाही, म्हणून या कामाला ते बाद. त्याच कंपनीचा एचटी८१३ घ्या, त्याला एक फोन पोर्ट आणि एक लाइन पोर्ट आहे. मी पुढचं सगळं त्याच्यावरच लिहितोय.

जुन्या लोकांकडे लिंकसिसचा एसपीए३१०२ कपाटात पडलेला असेल, तोही हे काम करतो, फक्त कंपनीने त्याच्याकडे बघणं कधीच सोडलंय. आणि ओबीहायचे बॉक्स, त्यातला ओबी११० तर एकेकाळी नेमका या कामासाठी सगळ्यांचा लाडका होता, लाइन पोर्ट होता आणि गूगल व्हॉइस थेट त्यात बसायचं. पण २०१८ साली गूगल व्हॉइसने जुनी पद्धत बंद केली तेव्हा ओबी११० त्यातून बाहेर पडला, त्याच वर्षी ओबीहाय पॉलिकॉमकडे गेली, पुढे पॉलिकॉमची पॉली झाली आणि २०२२ ला पॉली एचपीने घेतली. तेव्हा जुन्या सामानात दहा डॉलरला ओबी११० दिसला म्हणून गूगल व्हॉइससाठी उचलू नका.

मेसेज जाऊन पडणार कुठे

इथे तीन रस्ते आहेत. एक, व्हॉइप डॉट एमएस सारखी प्रीपेड इंटरनेट फोन सेवा, मला घरगुती वापराला हीच सगळ्यात सोयीची वाटते. कंपनी माँट्रियलची आहे, थोडे पैसे भरून खातं उघडायचं आणि आत व्हॉइसमेल बॉक्स बनवायचा, बॉक्सला ईमेल पत्ता द्यायचा, मेसेज ऑडिओ फाइल म्हणून जोडून येतो. दोन, गूगल व्हॉइस, पण एचटी८१३ त्याच्याशी सरळ बोलत नाही, म्हणून अडॅप्टरने कॉल व्हॉइप डॉट एमएसला द्यायचा आणि तिथून तो गूगल व्हॉइसच्या नंबरला फोन करतो, त्याचा खर्च मिनिटाला एक सेंटच्या आसपास. त्याचा फायदा म्हणजे मेसेज लिहून येतो, डॉक्टरच्या ऑफिसचा इंग्रजी मेसेज मीटिंगमध्ये बसून वाचता येतो. मराठी मेसेजचं मात्र जे लिहून येतं त्यावर अवलंबून राहू नका, ते ऐकायचंच. तीन, ज्यांना हौस आहे त्यांनी रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर ॲस्टरिस्क किंवा फ्रीपीबीएक्स हे फोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर टाकून घरातच सगळं ठेवावं, बाहेर कुणाकडेच रेकॉर्डिंग जात नाही, पण मग तो बॉक्स सांभाळायचं काम आयुष्यभर तुमचं.

व्हॉइप डॉट एमएसमध्ये एक छान युक्ती आहे. आपल्या खात्याच्या आत दोन छोटी खाती, म्हणजे सब अकाउंट, बनवा. पहिलं अडॅप्टरसाठी. दुसरं कुठल्याच फोनला लावायचं नाही, त्याला फक्त एक इंटर्नल एक्स्टेंशन द्या, समजा २०१, आणि इंटर्नल व्हॉइसमेल म्हणून आपला बॉक्स निवडा. आता पहिल्या अकाउंटवरून १०२०१ फिरवलं, म्हणजे एक्स्टेंशनच्या आधी १० लावून, की कॉल दुसऱ्या अकाउंटकडे जातो, तिथे फोनच नाही म्हणून तो सरळ व्हॉइसमेलला पडतो, आणि हा आतल्याआतला कॉल असल्याने मिनिटाचे पैसे लागत नाहीत. वेगळा नंबर विकत घ्यायची गरजच नाही.

वायर कशी जोडायची

दोन पद्धती आहेत. पहिली, भिंतीतली लाइन अडॅप्टरच्या लाइन पोर्टला आणि घरातला फोन अडॅप्टरच्या फोन पोर्टला. दुसरी, भिंतीवर दोन तोंडांचा स्प्लिटर लावायचा, एका तोंडाला घरातला फोन जसा आहे तसा, दुसऱ्याला अडॅप्टरचा लाइन पोर्ट. पुस्तिकेत पहिली दाखवलेली असते पण वयस्कर माणसं असलेल्या घरात मी दुसरीच सांगेन. कारण ९११. फोन थेट भिंतीला असेल तर अडॅप्टर बिघडला, अडकला, रीस्टार्ट होत बसला, तरी रिसीव्हर उचलला की डायलटोन मिळतो. एचटी८१३ मध्ये वीज गेली तर फोन आपोआप लाइनला जोडला जातो हे खरं आहे, पण वीज असताना सॉफ्टवेअर अडकलं तर ती सोय कामाची नाही. शिवाय स्प्लिटरच्या पद्धतीत घरातल्या कुणालाच फोन वापरायची सवय बदलावी लागत नाही.

त्याच लाइनवर डीएसएल इंटरनेट असेल तर अडॅप्टरच्या आधीही फिल्टर लावा. आणि तुमची तांब्याची लाइन जाऊन कंपनीने फायबर दिलं असेल (एटी अँड टीने तर कॅलिफोर्निया सोडून बाकी ठिकाणी २०२९ च्या शेवटापर्यंत तांबं बंद करायचं जाहीरच केलंय) तरी काही बिघडत नाही, फायबरच्या किंवा केबलच्या बॉक्सला जो फोनचा जॅक असतो तोच आता तुमची भिंत समजा, अडॅप्टर त्याच्यावर तसाच चालतो. फक्त तेव्हा वीज गेली की फोनपण जातो, म्हणून तो बॉक्स, राउटर आणि अडॅप्टर तिन्ही एका छोट्या यूपीएसवर ठेवा.

सेटिंग

अडॅप्टरची नेटवर्कची वायर राउटरला लावा. पहिल्या वेळेपुरता एक साधा फोन अडॅप्टरच्या फोन पोर्टला लावा, रिसीव्हर उचलून *** म्हणजे तीनदा स्टार दाबा, बाई बोलायला लागली की ०२ दाबा, ती आयपी ॲड्रेस वाचून दाखवते, तो लिहून घ्या. तो ॲड्रेस कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये टाकला की लॉगिन येतं. पान उघडलंच नाही तर परत *** करून १२ आणि मग ९ दाबा, त्याने त्या बाजूने वेब पेज उघडायची परवानगी चालू होते. पासवर्ड बॉक्सच्या तळाला चिकटवलेला असतो, आत गेल्यावर पहिलं काम तो बदलायचं.

आता एफएक्सओ पोर्टच्या पानावर जा. सर्व्हर म्हणून व्हॉइप डॉट एमएसचा तुमच्या जवळचा सर्व्हर टाका, न्यू जर्सीवाल्यांनी न्यूयॉर्कचा, मग पहिल्या सब अकाउंटचं युजरनेम आणि पासवर्ड. कोडेकमध्ये (आवाज इंटरनेटवरून कसा पाठवायचा ती पद्धत) पीसीएमयू सगळ्यात वर ठेवा, त्याला एका बाजूला साधारण ८७ किलोबिट लागतात, आजच्या नेटला ते काहीच नाही आणि रेकॉर्डिंग स्वच्छ येतं. दबलेले कोडेक घेतले की म्हाताऱ्या माणसाचा बारीक आवाज अजून बारीक होतो, तिथे बचत करू नका.

मग बेसिक सेटिंगच्या पानावर अनकंडिशनल कॉल फॉरवर्ड टू व्हॉइप नावाची ओळ शोधा, तिला तीन चौकटी आहेत. पहिल्यात १०२०१, दुसऱ्यात तोच सर्व्हर, तिसऱ्यात पोर्ट ५०६०. गूगल व्हॉइसला पाठवायचं असेल तर पहिल्या चौकटीत १ लावून तो दहा आकडी नंबर. ही ओळ रिकामी कधीच सोडू नका. रिकामी असेल तर अडॅप्टर कॉल उचलून बाहेरच्या माणसाला सरळ इंटरनेट फोनचा डायलटोन देतो आणि मग तो तुमच्या पैशाने कुठेही फोन लावू शकतो. त्याच कारणाने पीएसटीएन (साधी टेलिफोन लाइन) आणि व्हॉइप (इंटरनेट फोन) यांच्या मधल्या कॉलसाठी जे पिन आहेत तेही भरून टाका, व्हॉइप डॉट एमएसच्या खात्यात परदेशी कॉल बंद ठेवा, आणि राउटरमध्ये अडॅप्टरसाठी कुठलाही पोर्ट बाहेरून उघडू नका, त्याची गरज नसते.

कॉलर आयडी मेसेजबरोबर यावा म्हणून सब अकाउंटमध्ये माझी सिस्टिम स्वतःचा कॉलर आयडी पाठवते असा पर्याय आहे तो निवडा, आणि अडॅप्टरमध्ये कॉलर आयडी ट्रान्सपोर्टमध्ये रिले ठेवा. रिलेचे प्रकार दोन आहेत, फ्रॉममधून आणि पी ॲसर्टेड आयडेंटिटीमधून, एकाने सर्व्हर कॉल नाकारायला लागला तर दुसरा घ्या.

रिंगचा हिशोब, सगळा खेळ इथे आहे

नंबर ऑफ रिंग्ज ही सेटिंग एफएक्सओच्या पानावर आहे, मूळ आकडा ४ असतो. हा आकडा काय ठेवायचा हे नीट विचार करून ठरवा, कारण या लाइनवर फोन उचलायला टपलेले चारजण असतात: घरातला माणूस, फोन कंपनीचा व्हॉइसमेल, कॉर्डलेस फोनच्या बेसमधली आन्सरिंग मशीन, आणि आता हा अडॅप्टर. जो आधी उचलेल त्याला कॉल मिळतो. लोक म्हणतात सगळं बरोबर लावलंय तरी ईमेल येत नाही, तेव्हा दहापैकी नऊ वेळा कंपनीचा व्हॉइसमेल आधी उचलत असतो, आणि मेसेज तिथेच साठत असतात. रिसीव्हर उचलल्यावर डायलटोन तुटक तुटक येत असेल तर समजा तिकडे मेसेज पडलेत.

म्हणून आधी कंपनीला फोन करून त्यांचा व्हॉइसमेल काढून टाकायला सांगा, नुसता पिन बदलून किंवा ग्रीटिंग पुसून तो जात नाही. कॉर्डलेसच्या बेसवरची आन्सरिंग मशीन बंद करा. आता उरले माणूस आणि अडॅप्टर.

अमेरिकेत एक रिंग म्हणजे २ सेकंद वाजणं आणि ४ सेकंद शांतता, एकूण ६ सेकंद. ४ रिंग म्हणजे २४ सेकंदसुद्धा पूर्ण मिळत नाहीत. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला स्वयंपाकघरातून हॉलमध्ये यायला किती वेळ लागतो ते घरात प्रत्यक्ष बघा आणि त्यावर आकडा ठरवा. मी ६ ठेवायला सांगेन, पस्तीसेक सेकंद मिळतात. फार वाढवू नका, डॉक्टरांच्या ऑफिसातून जो आपोआप फोन येतो तो बऱ्याचदा तितका वेळ थांबत नाही. आणि २ च्या खाली कधीच नको, कारण कॉलर आयडी पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधल्या शांततेत येतो, त्याआधी उचललं तर कुणाचा फोन होता ते कळणारच नाही.

यात एक चांगली सोय लपलेली आहे. फोनचा रिंगर बंद केला तरी लाइनवर रिंगचा करंट येतच असतो आणि अडॅप्टर तोच मोजतो. भारत अमेरिकेच्या ईस्ट कोस्टपेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास पुढे, तिकडे सकाळी पूजा आटोपून काकू फोन करतात तेव्हा इथे झोपायची वेळ झालेली असते. बेडरूममधल्या फोनचा रिंगर रात्री बंद करून ठेवा, काकूंचा मेसेज तरीही सकाळी ईमेलमध्ये असतो.

समोरच्याने फोन ठेवला हे अडॅप्टरला कळलंच पाहिजे

हा भाग कंटाळवाणा वाटेल पण सोडू नका. मोबाइलवर एकाने कट केलं की दुसऱ्याकडे लगेच कळतं. जुन्या लाइनवर तसा सरळ निरोप येत नाही, एक्स्चेंज फक्त क्षणभर लाइनचा करंट तोडतं आणि त्यावरून मशीनने ओळखायचं. अडॅप्टरला ते ओळखता आलं नाही तर तो फोन धरूनच बसतो, व्हॉइसमेलमध्ये पूर्ण वेळ संपेपर्यंत टूंटूंटूं रेकॉर्ड होतं, आणि तोवर घरची लाइन अडकलेली. ९११ लावायचा असेल तर? म्हणून हे जमल्याशिवाय बॉक्स लाइनला लावून ठेवू नका.

एफएक्सओच्या पानावर एनेबल करंट डिस्कनेक्ट याला येस करा, थ्रेशोल्ड मूळचाच राहू दे. बरेचदा एवढ्यावर काम होतं. केबल कंपनीच्या बॉक्समधून जी लाइन येते तिथे काही वेळा करंट तुटतच नाही, मग टोन डिस्कनेक्टपण चालू करा, त्याला लाइनवरचा टोन शिकवावा लागतो. अमेरिकेत बिझी आणि रीऑर्डर (भरभर वाजणारा) टोन दोन्ही ४८० आणि ६२० हर्ट्झचे असतात, बिझी अर्धा सेकंद चालू अर्धा बंद, रीऑर्डर पाव चालू पाव बंद. मूळ सेटिंगमध्ये ५००/५०० लिहिलेलं असतं, तुमच्याकडे भरभर वाजणारा टोन येत असेल तर २५०/२५० करून बघा. आणि दोन्ही फसले तरी नुकसान मर्यादित राहावं म्हणून व्हॉइसमेल बॉक्समध्ये मेसेजची जास्तीत जास्त लांबी ठरवायची सोय असेल तर ती दोन-तीन मिनिटं ठेवा, गूगल व्हॉइसची मर्यादा तशीही ३ मिनिटांची आहे.

स्प्लिटरच्या पद्धतीत अजून एक होतं. अडॅप्टरने उचलल्यानंतर आई धापा टाकत फोनपाशी आली आणि तिने रिसीव्हर उचलला तर ती, फोन करणारा आणि व्हॉइसमेल तिघंही एकाच लाइनवर असतात. त्या दोघांना बोलता येतं, त्यात काही अडचण नाही, पण त्यांचं बोलणं मेसेजची मर्यादा संपेपर्यंत रेकॉर्ड होऊन सगळ्यांच्या ईमेलवर जातं. घरात हे आधी सांगून ठेवा, प्रत्येकाला ते चालेलच असं नाही, आणि सांगायची जबाबदारी आपली.

ग्रीटिंग मराठीतही रेकॉर्ड करा

तयार इंग्रजी आवाज ठेवू नका, अगदी मनापासून सांगतो. मशीनमधली बाई इंग्रजीत बोलायला लागली की तिकडची वयस्कर माणसं राँग नंबर समजून फोन ठेवतात, किंवा समजलं तरी यंत्राशी काय बोलायचं म्हणून संकोचतात, आणि मग मेसेज येतच नाही, एवढा खटाटोप कशासाठी केला. ओळखीचा आवाज ऐकला की ती बोलतात. आधी इंग्रजीत एक वाक्य, कारण डॉक्टर-फार्मसीवाले घाईत असतात, मग लगेच मराठी: "नमस्कार, तुम्ही बरोबर घरी फोन लावलाय. आत्ता कुणी फोनपाशी नाही. टूं असा आवाज आला की तुमचं नाव आणि निरोप सांगा, आम्ही ऐकून फोन करतो." पंधरा सेकंदांच्या आत बसवा. शक्यतो घरातल्या ज्या माणसाला सगळे फोन करतात त्याच्याच आवाजात. आडनाव, आम्ही भारतात गेलोय, कधी परत येणार, असलं काही सांगू नका, हे ऐकणारे सगळे आपलेच नसतात.

व्हॉइसमेल बॉक्सचा ईमेल एकट्या मुलाचा देऊ नका. एक वेगळा पत्ता बनवून तिथून घरातल्या सगळ्यांना आपोआप पुढे जाईल असं करा, बहीण टेक्सासला असली तरी तिलाही आईकडे आलेला निरोप कळतो आणि परत फोन करायचं काम कुणीतरी नक्की करतं.

लावून झाल्यावर काय काय तपासायचं

मोबाइलवरून लँडलाइनला फोन करा आणि घरातल्या फोनच्या रिंग मोजा, मोबाइलमध्ये ऐकू येणाऱ्या नाही, दोन्ही जुळतातच असं नसतं. मेसेज ठेवा, ईमेल येतो का, नंबर बरोबर दिसतो का, आवाजात प्रतिध्वनी आहे का ते बघा. प्रतिध्वनी असेल तर इम्पिडन्स अमेरिकेचा ६०० ओहम निवडलेला आहे ना ते तपासा. मग परत फोन करा आणि मेसेज अर्धवट सोडून कट करा, लगेच घरातला रिसीव्हर उचला, काही सेकंदात डायलटोन आला पाहिजे. परत करा आणि ग्रीटिंग चालू असतानाच कट करा, कारण रोबोकॉल नेमके तिथेच कट होतात, आणि परत डायलटोन बघा. परत करा आणि तिसऱ्या रिंगला माणसाने उचला, अडॅप्टरने मधे पडता कामा नये.

आणि एकदा राउटरची वायर काढून बघा. इंटरनेट नसताना अडॅप्टर कॉल उचलतो का? उचलून पुढे पाठवता येत नसेल तर फोन करणाऱ्याला नुसती शांतता ऐकू येईल, ते व्हॉइसमेल नसण्यापेक्षा वाईट. तुमच्याकडे तसं होत असेल तर वादळात नेट गेलं की अडॅप्टरच्या लाइन पोर्टची वायर उपसून ठेवायची हे घरात एकाला दाखवून ठेवा, त्या वायरला लाल टेप गुंडाळा.

त्यानंतर रोजचं काम फारसं उरत नाही. बॉक्स भरला की नवीन मेसेज घेत नाही, म्हणून ईमेल केल्यावर सर्व्हरवरून पुसून टाक असा पर्याय आहे तो चालू करा, ईमेलमध्ये फाइल राहतेच. गूगल व्हॉइस वापरत असाल तर त्या नंबरवरून अधूनमधून एखादा कॉल किंवा टेक्स्ट करत जा, बराच काळ पडून राहिलेला फुकटचा नंबर गूगल परत घेतं. व्हॉइप डॉट एमएसमध्ये शिल्लक कमी झाली की ईमेल यायची सोय लावा, आपोआप पैसे भरणं मात्र बंदच ठेवा, म्हणजे कधी पासवर्ड फुटला तरी खात्यात आहेत तेवढेच डॉलर जातील.